दारी

सोलापूरहून वाडीच्या दिशेनं निघालेली गाडी अक्कलकोट रोड मागे टाकते, तेव्हा महाराष्ट्र संपत आलेला असतो. खिडकीबाहेर काळी माती, तुरीच्या ओळी, मध्येच एखादं बाभळीचं झाड. दुधनी हे या शेवटच्या टप्प्यातलं स्टेशन. अक्कलकोट तालुक्यातलं हे बाजारपेठेचं गाव. तुरीच्या हंगामात आडतीवर पोती येतात, मालट्रक रांगेनं उभे राहतात आणि भाव मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये ठरतो. इथल्या माणसाला दोन्ही भाषा सारख्याच जवळच्या. त्यामुळे एक शब्द त्याच्या कानावर दोन अर्थांनी पडतो. मराठीत ‘दारी’ म्हणजे दारापाशी, उंबरठ्याजवळ. कन्नडमध्ये ‘दारि’ म्हणजे वाट.

योगायोगच तो. तरीही या दोन अर्थांच्या मध्ये एक जुना धार्मिक प्रश्न उभा आहे. पवित्र जागा कुठून सुरू होते? देवळाच्या दारातून, की घरातून निघाल्यावर पहिलं पाऊल पडतं त्या वाटेवरून?

दुधनीच्या एका बाजूला अक्कलकोट. तिथे वडाच्या झाडाखाली स्वामी समर्थांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली आणि १८७८ मध्ये समाधी घेतली. दुसऱ्या बाजूला, कर्नाटकात, भीमा-अमरजा संगमावरचं गाणगापूर, नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचं ठिकाण. या दोन्हींच्या मधल्या मुलखातून दत्तभक्त आजही पायी जातात. संगमावर पोचले की चपला काढतात. रस्त्यावर मात्र त्यांना डांबराच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यात, अंग चोरून चालावं लागतं. जी भक्ती उंबरठ्यावर इतकी हळुवार होते, तिच्यासाठी वाट इतकी निष्ठुर का असावी?

चपला काढण्याचा अर्थ बहुतेकांना स्वच्छतेपुरता ठाऊक असतो, पण तो तिथे संपत नाही. अनवाणी माणूस हळू चालतो, खाली पाहतो, त्याच्या पावलाचा आवाज होत नाही. आपला जोर तो दाराबाहेर ठेवतो. सह्याद्रीतल्या अनेक देवरायांत हा नियम झाडांच्या बाबतीतही पाळला गेला. तिथे कुऱ्हाड चालत नाही आणि काही ठिकाणी पडलेली वाळकी फांदीसुद्धा घरी नेत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा शहरी वाचकाला कळलं की देवाच्या धाकानं राखलेलं रान हे आपल्याकडचं सर्वांत जुनं संरक्षित क्षेत्र आहे. मग आज जंगलात शिरताना आपण काय काढून ठेवतो? मोटारीची काच फार तर खाली करतो. इंजिन हीच आजच्या माणसाची पादत्राणं आहेत. अभयारण्याच्या फाटकापाशी ती उतरवून पुढे पायी किंवा सायकलनं जायचं, या कल्पनेकडे आपण हौस म्हणून पाहतो, व्यायाम म्हणून पाहतो. ती एक धर्मकल्पना आहे आणि आपल्या परंपरांना ती नवी नाही.

दुधनीसारख्या गावात तर मुळीच नाही. या पट्ट्यात लिंगायत परंपरेची मुळं खोल आहेत आणि ‘स्थावर’ व ‘जंगम’ हे तिथले पायाचे शब्द आहेत. स्थावर म्हणजे उभं असलेलं, दगडात बांधलेलं. जंगम म्हणजे चालतं, फिरतं. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्या शरणांनी देवाला देवळातून काढून गळ्यातल्या इष्टलिंगात आणलं आणि फिरत्या विरक्ताला जंगम म्हणून गुरूचा मान दिला. सोलापूरचे सिद्धरामेश्वर त्याच काळातले. त्यांच्या नावाशी सोलापूरचा तलाव जोडलेला आहे आणि शहराच्या भोवताली विखुरलेली अडुसष्ट लिंगंही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज खांद्याकमरेवर तोलत माणसं या लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि त्यांना तैलाभिषेक होतो. अख्खं शहर एक देऊळ मानायचं आणि त्याभोवती स्वतःच्या अंगानं फिरायचं, ही त्यामागची धारणा. नंदीध्वज कुणी टेम्पोत घालून नेत नाही. नेला तर ती प्रदक्षिणा राहणार नाही, हे लहान पोरालाही कळतं.

दुधनीवरून जातात तशा रेल्वेमार्गांबद्दल १९०९ मध्ये एका माणसानं अतिशय कठोर लिहिलं होतं. ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजी म्हणतात की, पूर्वी तीर्थाला कष्ट काढून जावं लागे, म्हणून खऱ्या ओढीचीच माणसं जात, आगगाडीनं ती चाळणी काढून टाकली. माणसाच्या हातापायांनी त्याला एक मर्यादा घालून दिली आहे आणि ती ओलांडायची साधनं शोधत तो स्वतःला गोंधळात टाकतो, असाही त्यांचा युक्तिवाद आहे. दुधनीच्या फलाटावर हा युक्तिवाद तपासून पाहावा. इथून पुढच्या गाणगापूर रोड स्टेशनावर जे उतरतात, त्यांत थकलेली आई असते, आजारी भावाला धरून आणणारी बहीण असते. गाडी नसती तर यांच्यापैकी अनेकांना संगम दिसलाच नसता. गांधीजींनी मर्यादेचं मोल अचूक ओळखलं, पण ज्यांच्या पायांत बळ नाही त्यांना त्या चाळणीत जागा कुठे, याचं उत्तर त्या पानांत मिळत नाही.

सायकल या वादात मध्ये येते. इव्हान इलिच हा मूळचा कॅथलिक धर्मगुरू. १९७० च्या दशकात ऊर्जा आणि समता यांवर लिहिताना त्यानं दाखवून दिलं की, सायकलवरचा माणूस चालणाऱ्यापेक्षा तीन-चार पट वेगानं जातो आणि तरी त्याची ताकद कितीतरी कमी खर्च होते. हे यंत्र खरंच, पण माणसाच्या मांड्यांतल्या बळाबाहेर ते एक इंचही जात नाही. श्वास लागला की थांबतं. चढ आला की नम्र करतं. गांधीजींच्या मर्यादेला न मोडता ती थोडी रुंद करणारं दुसरं यंत्र सांगणं अवघड आहे. नाशिकहून दरवर्षी सायकलवारी पंढरपूरला निघते, तेव्हा चालत्या वाऱ्या तिला परकं मानत नाहीत, ते उगाच नाही.

पण इंजिन नाही एवढ्यानं माणूस निरुपद्रवी होतो का?

जैन परंपरेनं या प्रश्नाचा जितका बारकाईनं विचार केला, तितका क्वचितच कुणी केला असेल. मुनीला वाहन वर्ज्य आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढची अट कमी लोकांना माहीत असते. तिचं नाव ईर्यासमिती. उजेडात चालायचं, रुळलेल्या वाटेनं चालायचं आणि नजर समोरच्या चार हात जमिनीवर ठेवायची, म्हणजे पायाखाली जीव येणार नाही. सीमाभागात जन्मलेले दिगंबर आचार्य शांतिसागर या नियमानं दक्षिणेतून पार उत्तरेपर्यंत पायी हिंडले आणि १९५५ मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली. हजारो किलोमीटरच्या विहारात अंतराला काही मोल नव्हतं. मोल होतं त्या चार हात जमिनीला. जंगलातल्या रस्त्यावर मान खाली घालून, मनगटावरच्या घड्याळात सरासरी वेग बघत सुसाट निघालेला सायकलस्वार ईर्यासमितीच्या कसोटीला उतरत नाही. उलट त्याचा धोका वेगळा आहे. मोटार दुरून ऐकू येते, प्राणी सावध होतो. सायकल आवाज न करता वळणावर अचानक अंगावर येते. म्हणून वाहनमुक्त वाटेलाही शिस्त हवी. संथ वेग, ठरलेली वेळ, वाट सोडून रानात न शिरणं.

आणि काही दिवस वाट पूर्ण बंद ठेवणंही. बौद्ध विनयात वर्षावासाचं जे कारण सांगितलं आहे, ते आजच्या वनाधिकाऱ्याला सहज कळेल. पावसाळ्यात भिक्खू हिरव्या अंकुरांवरून, किड्यामुंग्यांवरून चालत जातात, पक्षीदेखील या दिवसांत घरट्यात थांबतात मग हे का थांबत नाहीत, अशी लोकांनीच तक्रार केली आणि बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम केला. आज पावसाळ्यात आपल्या व्याघ्रप्रकल्पांचा गाभा पर्यटकांना बंद असतो.

मुंबईत या दोन काळांची भेट होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आत गेलं की भाड्यानं सायकल मिळते आणि झाडीतून जाणारा रस्ता चढत चढत कान्हेरीला पोचतो. तिथे शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन पुढची हजार वर्षं हा विहार नांदता होता. पाण्याची टाकी, दगडी बाक, पाऊस उतरवणारे चर, सगळं एका जागी थांबणाऱ्या माणसांसाठी खोदलेलं. या रस्त्यावर वाहनं पूर्ण बंद नाहीत, उद्यानाच्या बस असतात. तरी भल्या पहाटे चढावर फक्त साखळीचा आवाज येतो, तेव्हा भिक्खूंनी ही टेकडी का निवडली ते पायांतून कळतं.

बाहेरच्या जगातही हे चाललं आहे. नेदरलँड्सच्या होगे वेलुवे राष्ट्रीय उद्यानात शेकडो पांढऱ्या सायकली बिनकुलपाच्या उभ्या असतात, तिकीट काढलेल्या कुणीही घ्याव्यात. अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये वसंतात बर्फ हटवल्यावर काही आठवडे रस्ते मोटारींना बंद आणि सायकलींना खुले राहतात. अनुकरण करण्यासारखं पुष्कळ आहे, पण आपल्या प्रश्नाची खरी परीक्षा आपल्याच एका डोंगरावर झाली आहे.

माथेरान. दस्तुरी नाक्यापाशी मोटारी थांबतात, पुढे लाल मातीची वाट. २००३ मध्ये केंद्रानं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि गावाच्या हद्दीत रुग्णवाहिका, अग्निशमन अशा अत्यावश्यक गाड्यांखेरीज मोटारींना बंदी कायदेशीर झाली. देशातलं हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाहनमुक्त रान. इथे श्वास घेतलेल्या माणसाला या नियमाची बाजू समजावून सांगावी लागत नाही.

आणि तरीही या वाटेवर वर्षानुवर्षं माणूस माणसाला ओढत होता. हातरिक्षा. एक पुढे ओढतो, चढावर मागून आणखी कुणी ढकलतो, आत पर्यटक बसलेला. इंजिन नव्हतं, धूर नव्हता, हवा शुद्ध होती. त्या शुद्धतेची किंमत कुणाच्या तरी छातीच्या भात्यातून वसूल होत होती. रिक्षा ओढणाऱ्यांनीच ई-रिक्षा मागितल्या, तेव्हा निसर्गाच्या नावानं विरोध झाला. घोडेवाल्यांच्या पोटाचाही प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२२ मध्ये ई-रिक्षांच्या चाचणीला परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं, स्वातंत्र्याला इतकी वर्षं झाल्यावरही माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा चालू राहणं अमानवी आहे, असं स्पष्ट करून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायला आणि त्या ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करायला सांगितलं.

धर्मविचाराच्या दृष्टीनं हा निकाल फार मोलाचा आहे. चपला दाराबाहेर काढल्या आणि त्या डोक्यावर वाहायला दुसऱ्या माणसाला उभं केलं, तर त्याला सोवळं म्हणतात, पावित्र्य नव्हे. महाराष्ट्रानं ती चूक जातीच्या नावानं शतकानुशतकं केली आहे. निसर्गाच्या नावानं ती पुन्हा करायचं कारण नाही. वाहनमुक्त वाटेचा व्रत म्हणून आदर करायचा तर तिची पहिली अट हीच: माझा भार मी वाहीन. ज्याला वाहता येत नाही, त्या म्हाताऱ्या, अपंग, आजारी माणसासाठी विजेचं छोटं वाहन असेल. आणि दुसरी अट: रानात राहणाऱ्याच्या पाठीवर तो भार टाकला जाणार नाही.

ही दुसरी अट न पाळल्याची सोलापूर जिल्ह्यानं याहून मोठी किंमत मोजली आहे. शहरापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शीच्या रस्त्याला नान्नज आहे. १९७९ मध्ये इथल्या माळरानावरच्या माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि कागदावर त्याचं क्षेत्र झालं सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेतं आली, बाजार आले. विहीर, घर, जमिनीचा व्यवहार, जिथे तिथे अभयारण्याचा शेरा आडवा येऊ लागला आणि एका पक्ष्याचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखं येऊ लागलं. पुढे ते क्षेत्र साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळ नांगरले गेले होते. माळढोक हा पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा पक्षी. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला अलीकडच्या गणनांत तो दिसलाच तर एखादाच.

देवळाचं आवार इतकं मोठं आखलं की बाजारपेठही त्यात आली, आणि गाभाऱ्याकडे मात्र कुणाचं लक्ष राहिलं नाही. ज्या गवताच्या तुकड्यांवर पक्षी नाचत होता, तिथे जपून चालणारी माणसं हवी होती. आखीव रेघा नको होत्या. काळवीट आणि लांडगे अजून त्या माळावर आहेत. त्यांच्यासाठी तरी नान्नजच्या आतल्या कच्च्या वाटा पहाटे मोटारींना बंद ठेवाव्यात, सायकली वनखात्याच्या देखरेखीखाली संथ जाव्यात, भाड्याचे पैसे गावातल्या पोरांना मिळावेत आणि विणीच्या हंगामात त्याही थांबाव्यात. पक्षी परत येईल की नाही, हा हिशेब त्यात धरू नये.

नान्नजहून उत्तरेला, येडशीजवळ रामलिंगाचं देऊळ आहे. दरीत, झाडीत, माकडांच्या गोतावळ्यात. भोवती अभयारण्य. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूनं इथेच अडवलं, अशी तिथली श्रद्धा. वाल्मीकींच्या कथेत राम त्या पक्ष्याचा अंत्यसंस्कार स्वतः करतो, आप्तासारखा. वाटेत पडलेल्या पक्ष्यापाशी देव थांबला, त्याची चिता पेटवली आणि मगच पुढे सीतेच्या शोधाला निघाला. पत्नीचा शोध थांबवून. रामाला घाई होती, तरीही.

दुधनीला अभयारण्य नाही. राष्ट्रीय उद्यान नाही. दोन बांधांमधून, बोरीबाभळीच्या सावलीतून जाणाऱ्या पाणंदी मात्र आहेत. बैलगाडीच्या चाकोरीच्या, पावसात चिखलाच्या, उन्हाळ्यात धुळीच्या. या वाटा कुणी सायकलसाठी आखल्या नाहीत, पण वाहनमुक्त रस्त्यांचं आपलं सर्वांत मोठं जाळं हेच आहे आणि ते गावाच्या नकाशावर आधीच नोंदलेलं आहे. राज्य सरकारची पाणंद रस्त्यांची योजना आहे. तिच्यातून शेतमालासाठी रस्ते व्हावेत, शेतकऱ्याला ते हवेतच. पण प्रत्येक पाणंद रुंद करून, कडेची झाडं तोडून, खडी अंथरून मोठ्या वाहनांना मोकळी करण्याआधी गावानं एकदा एकत्र बसावं आणि यातली कुठली वाट पायांसाठी, सायकलींसाठी आणि पाखरांसाठी ठेवायची ते ठरवावं.

पंढरपूरच्या बाबतीत हे मान्य झालेलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्ञानेश्वर आणि तुकाराम पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा वारकऱ्यांसाठी दोन्ही कडांना वेगळी पायवाट आराखड्यातच धरली होती. चालणाऱ्याला स्वतःची वाट मिळाली पाहिजे, हे सरकारनं तिथे तत्त्व म्हणून स्वीकारलं. अक्कलकोट ते गाणगापूर या दत्तभक्तांच्या वाटेला तेच तत्त्व लावायला दोन राज्यं लागतील, दोन भाषांतले कागद लागतील. दुधनीत दोन्ही भाषा येणारी माणसं आहेत.

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. त्याआधी दुधनी, मैंदर्गी आणि सीमेपलीकडच्या गावांनी आपापल्या शिवारातली एकेक पाणंद मोजून घ्यावी, एकमेकांना जोडता येतात का ते पाहावं आणि ग्रामसभेत, नगरपरिषदेत तसा ठराव मांडावा. वाचकांपैकी ज्यांचा या मुलखाशी संबंध असेल, त्यांनी त्या ठरावाला हात वर करावा.